मागच्या चाकांना डिस्क ब्रेक कशासाठी?

औंधला यमाईच्या डोंगरावर सहल घेऊन जाणारे शिक्षक वाटेतले श्री भवानी संग्रहालय दाखवतातच. त्यानंतर जमल्यास तिथे उभ्या असलेल्या लहान मोटारींच्या चाकांकडेही मुलांचे लक्ष वेधावे. पुढच्या चाकाच्या फटींतून एक चकचकीत तबकडी दिसते. मागच्या चाकात मात्र तोंड मिटलेला, गंजलेला डबा असतो. तबकडी म्हणजे डिस्क ब्रेक, डबा म्हणजे ड्रम ब्रेक. (नुकत्याच उतरून आलेल्या गाडीच्या तबकडीला हात लावू देऊ नये, चांगलाच चटका बसतो.) मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत हीच जोडी दिसते.

वरच्या इयत्तेतला एखादा विद्यार्थी लगेच विचारतो, डिस्क जर चांगली, तर चारही चाकांना का नाही? हाच प्रश्न पडलेले काही हौशी लोक गॅरेजमध्ये जाऊन मागचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतात. गाडी लवकर थांबेल अशी त्यांची समजूत असते. ती पदार्थविज्ञानाच्या कसोटीला लावून पाहण्यासारखी आहे.

गाडी थांबते ती ब्रेकमुळे, हे अर्धेच खरे. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधले घर्षण. थांबण्याचे कमीत कमी अंतर काढायचे तर वेगाच्या वर्गाला घर्षणगुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. ताशी ६० किलोमीटर वेग आणि ०.७ घर्षणगुणांक धरला, तर उत्तर येते सुमारे २० मीटर. या सूत्रात डिस्क नाही आणि ड्रमही नाही. चाक जाम करण्याइतका जोर ब्रेकमध्ये असला, की त्यापुढचा जोर वाया जातो.

मग पुढच्या आणि मागच्या चाकांत फरक कशासाठी? ब्रेक लागताच आपण पुढे झुकतो, तशी गाडीही नाक खाली करते. घर्षण जमिनीलगत काम करते आणि गुरुत्वमध्य त्याच्या वर असतो, म्हणून मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर जातो. माणसांसकट ८०० किलोग्रॅमची गाडी घ्या. मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.१७५ मीटर होते, तेच धरू. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि उभ्या गाडीचा भार पुढे ४८०, मागे ३२० किलोग्रॅम समजू. गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट ऋण त्वरण असताना सरकणारा भार ८०० × ०.७ × ०.५ ÷ २.१७५, म्हणजे सुमारे १२९ किलोग्रॅम. आता पुढे ६०९ आणि मागे फक्त १९१. जोराने ब्रेक दाबताना मागच्या चाकांच्या वाट्याला जेमतेम पाव काम उरते. तेवढ्यासाठी ड्रम पुरेसा असतो.

मागच्या ब्रेकचा जोर वाढवला तर काय बिघडते, हे वर्गात दाखवता येते. एक गुळगुळीत फळी तिरपी ठेवा. खेळण्यातल्या मोटारीची पुढची दोन चाके कागदाचा बोळा कोंबून जाम करा आणि तोंड उताराकडे करून सोडा. ती सरळ घसरत खाली येते. आता पुढची चाके मोकळी करून मागची जाम करा. गाडी गर्रकन फिरते आणि शेपूट पुढे करून उतरते. घसरणारे चाक बाजूचा रेटा सोसू शकत नाही, फिरते चाक सोसू शकते. मागची पकड सुटली, की जराशी तिरपी झालेली गाडी अधिकच तिरपी होत जाते. खऱ्या रस्त्यावर, वळणावर, एकटाच चालक असलेल्या हलक्या गाडीत हेच घडते, आणि सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून जोरदार ब्रेक लागल्यावर पुढची चाके आधी जाम व्हावीत, अशीच वाटणी कारखाना ठरवतो.

आता त्या डब्याच्या आत डोकावू. त्यात अर्धचंद्राकृती दोन ब्रेक शू असतात, त्यांवर घर्षणाचे लायनर असते. पट्टी टेबलावर तिरपी टेकवून टोकाच्या दिशेने ढकलली तर टोक रुतू पाहते. मागे ओढली तर सहज घसरते. ड्रम फिरताना एका शूची गत पहिल्या पट्टीसारखी होते. घर्षणच त्याला ड्रमवर आणखी दाबते. दुसऱ्या शूला घर्षण उलट मागे लोटते. शूच्या टेकणबिंदूपासून दाबणारे सिलेंडर दुप्पट लांब, घर्षण आणि दाब यांच्या भुजा सारख्या आणि लायनरचा घर्षणगुणांक ०.३५ धरला, तर आघूर्णांच्या गणितातून पहिल्या शूचे घर्षण दाबाच्या १.०८ पट आणि दुसऱ्याचे ०.५२ पट येते. मिळून १.६. डिस्कच्या दोन पॅडना अशी मदत नसते. तिथे दोन्हींचे मिळून ०.७. म्हणजे ड्रम स्वतःच निम्म्याहून अधिक भार उचलतो! गाडी मागे घसरू लागली तर शूंची कामे अदलाबदल होतात, त्यामुळे चढावर हँडब्रेकही घट्ट धरतो.

या मदतीला किंमत आहे. लायनर तापून घर्षणगुणांक ०.२५ वर आला, तर डिस्कचा जोर २९ टक्के घटतो, ड्रमचा ३३ टक्के. शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, तर तापलेली डिस्क जाड होऊन पॅडकडेच सरकते. पावसाळ्यात ड्रममध्ये शिरलेले पाणी रेंगाळते. डिस्क एका फेऱ्यात पुसली जाते.

ड्रमच्या जागी डिस्क बसवणाऱ्याला म्हणूनच बरेच हिशेब नव्याने करावे लागतात. कॅलिपरचा पिस्टन लहान पडला तर मागचा ब्रेक नावापुरता उरतो आणि थांबण्याचे अंतर उलट वाढते. मोठा झाला तर फळीवरच्या गाडीसारखी फिरकी. मोठ्या पिस्टनला तेलही जास्त लागते, ते जुन्या मास्टर सिलेंडरला पुरवता आले नाही तर पेडल खोल जाते. मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह ड्रमच्या मापाने जुळवलेला असतो, तो बदलावा लागतो. हँडब्रेकसाठी कॅलिपरमध्ये वेगळी यंत्रणा हवी, ती भंगारातून आणलेल्या प्रत्येक कॅलिपरला असतेच असे नाही. कुशल मिस्त्रीही हे मोजमाप अंदाजाने करू शकत नाही. त्याला चाचणीपट्टा आणि उपकरणे लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मन मानेल तसे बदल करायला आडकाठी करते, ते या दृष्टीने योग्यच वाटते.

मग घाटात तरी उपयोग? औंधच्या डोंगरापेक्षा मोठा उतार घेऊ: सातारा जिल्ह्यातलाच पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट. साडेपाचशे मीटर उतरताना आपल्या ८०० किलोग्रॅमच्या गाडीची सुमारे ४३ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत १३ लिटर पाणी उकळीला येईल. तिचा काही भाग हवा आणि टायर घेतात, खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच घेते, उरलेला ब्रेकच्या बिडात शिरतो. ड्रम काय, डिस्क काय, दोन्ही बिडाचीच ओतीव असतात, कारण बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे उष्णता चटकन पसरवतात. (ओतकाम या भागाला नवे नाही, औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोचवले.) पण या उष्णतेतही मागच्या ब्रेकचा वाटा लहानच. मागे डिस्क लावण्यापेक्षा दुसरा गिअर टाकणे अधिक गुणकारी, आणि फुकटही.

जड, वेगवान गाड्यांना मागे डिस्क शोभते, आणि तिथे ती कारखान्यातूनच येते. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा तर २०१९ पासून भारतातल्या सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. ती ड्रमवरही काम करते. गंमत म्हणजे फोक्सवॅगनच्या आयडी ३ या विजेवरच्या गाडीला मागे ड्रमच आहेत. तिथे गती कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच जनित्र बनून करते, ब्रेक क्वचित लागतो, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते.

जुन्या लहान गाडीचा ब्रेक कमी वाटत असेल, तर आधी लायनर आणि टायरची झीज पाहावी, ड्रममधली धूळ काढून शूचे अंतर जुळवून घ्यावे आणि ब्रेकचे तेल बदलावे. हे तेल हवेतली वाफ शोषते. डॉट ३ प्रकारच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशच आहे. घाटात तापून ते उकळले की नळीत बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळाला टेकूनही चाकापर्यंत जोर पोचत नाही.