एका आकड्यात न मावणारं संशोधन

निघोज्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिझाइन विभागाला मी तांत्रिक माहिती शोधून देतो. रस्त्यावरचा माणूस, सायकल, गाडी ओळखणाऱ्या आणि वीज कमी खाणाऱ्या चिपांचा शोध घेताना धर्मेंद्र मोधा हे नाव पुढे आलं. 1990 साली आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्रात बी.टेक. झालेले मोधा पुढे आयबीएममध्ये मेंदूच्या रचनेवरून चिप घडवू लागले. त्यांच्या गटाची ‘ट्रूनॉर्थ’ चिप 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली गेली. तिच्यात 10 लाख कृत्रिम चेतापेशी आणि 25.6 कोटी जोडण्या होत्या. सेकंदाला 30 चौकटींचा व्हिडिओ तपासताना ती फक्त 63 मिलिवॅट वीज घेत होती. वरिष्ठांनी विचारलं, “या माणसाच्या कामाचं वजन किती?”

अशा वेळी बहुतेकजण आधी एच-निर्देशांक बघतात. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेलं हे माप कागद-पेन्सिलीनेही काढता येतं. शोधनिबंध त्यांना मिळालेल्या संदर्भांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा, पाच निबंधांना 40, 12, 5, 4 आणि 2 संदर्भ आहेत. वरून मोजत आलं की चौथ्याला किमान चार मिळालेले दिसतात, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून निर्देशांक 4. पहिल्या निबंधाला 40 ऐवजी 4,000 संदर्भ मिळाले असते तरी उत्तर तेच आलं असतं.

खरी मेहनत ती यादी निवडून घेण्यात आहे. सारख्या नावाच्या लेखकांचे निबंध वेगळे काढायचे, एकच काम दोन ठिकाणी छापलं असेल तर ते जोडायचं. संगणकशास्त्रात महत्त्वाचं काम बऱ्याचदा परिषदेत मांडतात, मेंदूविज्ञानात नियतकालिकात. नुसती नियतकालिकं मोजणारी सूची हाती घेतली, तर संगणकाच्या बाजूचं बरंच काम गळतं. नावांचा क्रमही फसवा असतो. जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा गटप्रमुखाचं असतं, सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात. ट्रूनॉर्थच्या निबंधात पहिलं नाव पॉल मेरोला यांचं आणि शेवटचं मोधांचं आहे. निर्देशांक दोघांच्या खात्यावर तो निबंध पूर्ण मांडतो.

म्हणून आकडा बाजूला ठेवला आणि एकेक काम कुठवर पोचलं ते पाहत गेलो.

2003 मध्ये निमरॉड मेगिडो आणि मोधा यांनी ‘एआरसी’ ही पद्धत मांडली. संगणकाच्या जलद स्मृतीत जागा थोडी असते, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे सतत ठरवावं लागतं. एआरसी दोन याद्या ठेवते: अलीकडे एकदाच लागलेली माहितीची पानं आणि पुन्हा पुन्हा लागलेली पानं. नुकत्याच काढून टाकलेल्या पानांची नुसती नावंही ती जपते. त्यांतलं एखादं परत मागितलं गेलं, की चूक कोणत्या बाजूला झाली ते कळतं आणि त्या यादीची जागा वाढते. झेडएफएस ही फाइल-प्रणाली याच पद्धतीचं सुधारित रूप वापरते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसने एआरसी 2005 मध्ये 8.0 आवृत्तीत घेतली आणि आयबीएमच्या पेटंट-अर्जामुळे त्याच वर्षी 8.0.2 मध्ये काढली. असा वापर, असं काढणं, यांची नोंद निर्देशांकात येत नाही.

2010 मध्ये मोधा आणि राघवेंद्र सिंग यांनी मकाक माकडाच्या मेंदूतल्या दूरच्या जोडण्यांचा नकाशा छापला: 383 भाग, 6,602 जोडण्या. तो उभा राहिला इतर शास्त्रज्ञांच्या शेकडो प्रयोगांवर. मेंदूत माग दाखवणारं द्रव्य टोचून एकेक धागा कुठून कुठे जातो ते त्या लोकांनी शोधलं होतं. नकाशा वापरणारा बहुधा नकाशाचाच संदर्भ देतो, आणि मूळ प्रयोग करणाऱ्यांच्या खात्यात काहीच पडत नाही.

2009 मध्ये मोधांच्या गटाला महासंगणकावरच्या मेंदू-अनुकरणासाठी गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. मांजरीच्या मेंदूएवढं अनुकरण केल्याच्या दाव्यावर मेंदूशास्त्रज्ञ हेन्री मार्क्रम यांनी जाहीरपणे कडाडून टीका केली. असा आक्षेप निबंधातून घेतला, तर तोही मोजणीत एक संदर्भच ठरतो. कौतुकाचा एक, विरोधाचाही एक.

शॉपफ्लोअरवर टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, न लिहिलेलं माप कुणी स्वीकारत नाही. एच-निर्देशांक मात्र टॉलरन्सशिवायच हातोहात फिरतो, आणि त्यावर नेमणुका, बढत्या, अनुदानं ठरतात. संशोधकाचं मूल्यमापन नियतकालिकाच्या आकड्यावरून करू नये, काम वाचून करावं, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2012 च्या बैठकीतून निघाला. दोन शास्त्रांच्या सीमेवर काम करणाऱ्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, कारण एका बाजूची फूटपट्टी दुसऱ्या बाजूला लागू पडत नाही.

माझ्या अहवालात मी निर्देशांक लिहिला, पण कोणत्या सूचीतून आणि कोणत्या तारखेला काढला ते सांगून. खाली तीन परिच्छेद जोडले: स्मृतीची पद्धत कुठे चालते, मेंदूचा नकाशा कुणाच्या श्रमांवर उभा आहे, चिपेच्या दाव्यांतलं काय मोजून दाखवलेलं आहे. वरिष्ठांनी आधी ते परिच्छेद वाचले आणि पुढचे प्रश्न चिपेबद्दल विचारले. कोणत्याही निवड समितीचं काम इथूनच सुरू व्हायला हवं.