उंचीवरील हवा आणि औषधाची गोळी

कोलकाता शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर आहे. तेथून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी न्यू जलपाईगुडीला उतरतो आणि मानेभंज्यांगहून जीपने दुसऱ्याच दिवशी संदकफूला पोहोचू शकतो. पश्चिम बंगालमधील हे सर्वोच्च ठिकाण ३,६३६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश प्राणवायूच मिळतो. परिणामी दम लागतो, डोके दुखते, मळमळते. हा त्रास धडधाकट माणसांनाही होतो. हिमालयात तैनात असलेल्या भारतीय सैनिकांना झालेल्या अशा विकाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,९२५ रुग्णांची नोंद होती.

म्हणूनच अनेक पर्यटक ॲसिटाझोलामाइडची गोळी जवळ बाळगतात. ही गोळी नेमके काय करते? विरळ हवेत श्वास जलद होतो, कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो आणि रक्त क्षारधर्मी बनते. त्यामुळे श्वासाचा वेग पुन्हा रोखला जातो. जादा क्षार बाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. गोळीमुळे हे काम लवकर होते. म्हणजेच ती शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते. स्नायूंना नवे बळ देत नाही. उलट, कठोर श्रमाच्या वेळी ती थकवा वाढवू शकते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

डेक्सामेथासोन हे औषध लक्षणे दडपते, पण शरीराला उंचीची सवय लावत नाही. ते अचानक थांबवल्यास त्रास उलटू शकतो. सिल्डेनाफिल फुफ्फुसांतील रक्तदाब कमी करते. काही प्रयोगांत त्याने श्रमशक्ती वाढल्याचे दिसले, परंतु सर्वांना सारखा लाभ झाला नाही. स्पर्धक खेळाडूंसाठी तर ॲसिटाझोलामाइड हे निषिद्ध औषध आहे.

खरा उपाय संथ गतीचा आहे. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. तुमलिंग आणि कालीपोखरी येथे मुक्काम करत चढणाऱ्याला हे सहज साधते. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला वा फुफ्फुसांना सूज आल्याची शक्यता असते. अशा वेळी गोळीवर विसंबून न राहता तातडीने खाली उतरावे. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.