लाट वळते ती तळामुळे

पोरांनो, आपल्या शिंगणापुरात सांगतात, शनिदेवांची शिळा पानसनाल्याच्या पुरात वाहत आली. पूर असतोच तसा. झाडं, दगड, जे सापडेल ते ओढून नेतो. म्हणून समुद्राची लाटही लांबून पाणी वाहून आणत असेल, असं वाटतं. पण तसं नसतं. त्या हौदात कडुनिंबाचं पान सोडा आणि लांबच्या कोपऱ्यात खडा टाका. लाट पानाखालून निघून जाते, पान आपलं तिथंच वर-खाली डुलतं. पुढे जातो तो नुसता रेटा.

हा रेटा किती लांब जावा? अंटार्क्टिकाच्या अलीकडे दक्षिण महासागरात वादळं घोंगावतात. त्यांनी उठवलेल्या लाटा कित्येक दिवस चालून पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाला भिडतात. तिथं तेआहुपोओ नावाचं गाव आहे. वाटेत समुद्र इतका खोल, की लाटेला तळाचा स्पर्शही होत नाही. आणि किनाऱ्याजवळ एकदम प्रवाळाचा उभा चढ!

उसानं भरलेली गाडी जोरात आली आणि चाक चिखलात रुतलं, तर? चाक अडकतं, वरचा ऊस पुढे कोसळतो. तसंच होतं. लाटेचा पाय उथळात अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि मधे पाण्याचा पोकळ बोगदा तयार होतो. फळीवर उभा राहिलेला गडी त्यातून सुसाट निघतो. मागं बोगदा मिटला, की आत कोंडलेली हवा तुषारांसकट फुस्सकन तोंडातून बाहेर पडते. पडला तर खाली जेमतेम पाणी आणि धारदार प्रवाळ.

मग आपल्या अलिबागला असा बोगदा का नाही? तिथं ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, इतका तळ सपाट. लाट हळूहळू दमते, माथ्यावरून फेस सांडत येते. आम्हा म्हाताऱ्यांना तीच बरी.

२०२४चं ऑलिंपिक पॅरिसला होतं, पण लाटांवरच्या स्पर्धा झाल्या तेआहुपोओला, तब्बल १५,७०० किलोमीटर लांब. फ्रान्सला समुद्र आहे की! पण जुलैत तिकडे उन्हाळा, लाटा मवाळ; दक्षिणेत मात्र हिवाळा, वादळं ऐन भरात. पुरुषांचं सुवर्णपदक जिंकलं काउली वास्तनं. पोरगा ताहितीचाच. मला विचाराल तर निम्मी बाजी त्यानं तिथला तळ ओळखूनच मारली असणार.