अपर्णा सेन : कॅमेऱ्यापुढची अभिनेत्री कॅमेऱ्यामागे का गेली?

१९६० च्या पावसाळ्यात न्यूझीलंडचे छायाचित्रकार ब्रायन ब्रेक भारतातील मोसमी पावसाची छायाचित्रे टिपत होते. कोलकात्यातील एका गच्चीवर त्यांनी चौदा वर्षांच्या मुलीला उभे केले. वर उचललेला चेहरा, मिटलेले डोळे, नाकात चमकी आणि गालांवर पाण्याचे थेंब असे ते छायाचित्र १९६१ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य वाचकांच्या मनात भारतीय पावसाची तीच प्रतिमा ठसली. प्रत्यक्षात तो पाऊस नव्हताच, तर झारीने शिंपडलेले पाणी होते, असे त्या मुलीनेच पुढे सांगितले.

ती मुलगी म्हणजे अपर्णा सेन. बंगाली चित्रपटसृष्टीतील या लोकप्रिय अभिनेत्रीने पुढे दिग्दर्शनासाठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. स्त्रीकडे कोण पाहते, कशासाठी पाहते आणि त्या प्रतिमेवर हक्क कोणाचा, हे प्रश्न त्यांच्या चित्रपटांत पुन्हापुन्हा येतात. त्यांचा अभिनयाकडून दिग्दर्शनाकडे झालेला प्रवासही याच प्रश्नांच्या आधारे समजून घेता येतो.

समीक्षकाच्या घरातील नायिका

अपर्णा यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९४५ रोजी कोलकात्यात झाला. त्यांचे वडील चिदानंद दासगुप्ता हे चित्रपट समीक्षक होते. सत्यजित राय यांच्यासमवेत त्यांनी १९४७ मध्ये ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली होती. त्यामुळे जागतिक चित्रपट हा घरातील रोजच्या चर्चेचा विषय होता. राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) मधील ‘समाप्ती’ या कथाभागात अपर्णा यांनी रवींद्रनाथांची मृण्मयी साकारली. लग्नाच्या रात्री घरातून पळून झोपाळ्यावर जाऊन बसणारी ही अवखळ मुलगी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली.

मृणाल सेन यांचा ‘आकाश कुसुम’ (१९६५) आणि राय यांचा ‘अरण्येर दिन रात्रि’ हे चित्रपट त्यांनी केले, तरी १९७० च्या दशकात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते व्यावसायिक बंगाली चित्रपटांमुळे. कीर्ती होती, काम होते. परंतु बहुतेक भूमिका ठरावीक साच्याच्या होत्या. उत्तम चित्रपट कसा असतो हे लहानपणापासून जाणणाऱ्या अभिनेत्रीला हे अंतर जाचू लागले. या असमाधानातूनच त्या लिहू लागल्या.

वृद्धेची कथा आणि पहिले यश

त्यांनी लिहिलेली पहिली पटकथा एका वृद्ध अँग्लो-इंडियन शिक्षिकेची होती. राय यांनी ती वाचून पसंत केली आणि निर्मितीसाठी शशी कपूर यांचे नाव सुचवले. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांच्यासमवेत अपर्णा यांनी पूर्वी ‘बॉम्बे टॉकी’मध्ये काम केले होते. शशी कपूर यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली, जेनिफर यांनी मुख्य भूमिका स्वीकारली आणि १९८१ मध्ये ‘३६ चौरंगी लेन’ पडद्यावर आला.

मिस व्हायोलेट स्टोनहॅम शाळेत शेक्सपियर शिकवते आणि सर टोबी नावाच्या मांजरासह एकटी राहते. भाची ऑस्ट्रेलियाला निघून गेली आहे, भाऊ वृद्धाश्रमात आहे. एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र लेखनाचे निमित्त सांगून दिवसा तिचे घर वापरू लागतात. त्यांचा सहवास ती माया समजते. मात्र लग्न होऊन हक्काचे घर मिळाल्यावर त्यांना तिची गरज उरत नाही. नाताळच्या रात्री आपण गावाला जाणार असल्याचे ते तिला सांगतात. त्यांच्या दाराशी केक ठेवण्यासाठी गेलेल्या मिस स्टोनहॅमला खिडकीतून आत रंगलेली मेजवानी दिसते.

परदेशी गेलेली भाची आणि मागे राहिलेली वृद्धा हे नाते अनिवासी वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. या चित्रपटासाठी अपर्णा सेन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. जेनिफर केंडल यांना ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारासाठी नामांकन मिळाले.

‘परमा’ : छायाचित्रातील गृहिणी

‘परमा’ (१९८५) मध्ये ब्रेक यांच्या छायाचित्राची आठवण करून देणारा प्रसंग आहे. परदेशात नाव कमावलेला एक भारतीय छायाचित्रकार दुर्गापूजेच्या वेळी एका मोठ्या कुटुंबात येतो. त्याला ‘भारतीय गृहिणी’ टिपायची असते. राखी यांनी साकारलेली परमा ही पत्नी, आई, सून, वहिनी अशा सर्व नात्यांनी ओळखली जाते. तिचे स्वतःचे असे तिच्याकडे फार काही उरलेले नाही. छायाचित्रकाराच्या नजरेमुळे तिला स्वतःचा विसर पडलेला भाग आठवतो आणि दोघे प्रेमात पडतात. मात्र तो निघून जातो. तिची छायाचित्रे परदेशी नियतकालिकात छापून येतात आणि घर तिच्यापासून तोंड फिरवते.

चित्रपटाचा शेवट वादग्रस्त ठरला. कुटुंब तिला क्षमा करायला तयार होते, परंतु आपल्याला अपराधी वाटत नाही, असे परमा सांगते. येथे प्रियकरही निर्दोष ठरत नाही. दुरून येऊन ‘भारतीय स्त्री’ शोधणारी त्याची नजर प्रेमळ असली, तरी ती स्वतःपुरतीच पाहते. सासरच्यांना तिच्यात सून दिसते, त्याला विषय दिसतो.

फिल्मची गुंडाळी परत

१९८६ मध्ये अपर्णा सेन ‘सानंदा’ या बंगाली पाक्षिकाच्या संपादक झाल्या आणि २००५ पर्यंत ती जबाबदारी सांभाळली. त्याच काळात ‘परमितार एक दिन’ (२०००) आला. घटस्फोट घेऊन घर सोडून गेलेली सून आजारी सासूच्या शुश्रूषेसाठी परत येते, अशी त्याची कथा. सासूची भूमिका अपर्णा यांनी स्वतः केली.

‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ (२००२) मध्ये पुन्हा एक छायाचित्रकार आहे. तान्ह्या मुलासह प्रवास करणारी मीनाक्षी ही सनातनी तमिळ ब्राह्मण घरातील. सहप्रवासी राजा हा बंगाली मुसलमान. वाटेत दंगल उसळते आणि जमाव बसमध्ये शिरतो. राजाचा जीव वाचवण्यासाठी मीनाक्षी त्याला आपला पती म्हणते. त्याच्या हातचे पाणीही वर्ज्य मानणाऱ्या स्त्रीचे हे एक वाक्य चित्रपटाचा गाभा ठरते. गुजरातमधील दंगलींच्या वर्षीच तो प्रदर्शित झाल्याने त्याला वेगळीच धार आली. अपर्णा यांना दुसऱ्यांदा दिग्दर्शनाचा, तर त्यांची कन्या कोंकणा सेन शर्मा यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अखेरीस स्थानकावर मीनाक्षीचा खरा पती तिला घ्यायला येतो. निरोप घेताना राजा प्रवासात काढलेल्या छायाचित्रांच्या फिल्मची गुंडाळी तिच्या हातात ठेवतो. ‘परमा’मधील छायाचित्रे जगासमोर गेली होती, येथे ती ज्या स्त्रीची आहेत, तिच्याच स्वाधीन होतात.

इंग्रजीही आपलीच

अपर्णा सेन यांचे बरेच चित्रपट इंग्रजीत आहेत, पण ते परदेशी प्रेक्षकांसाठी नव्हे. मिस स्टोनहॅमची मातृभाषाच इंग्रजी आहे. तमिळ मीनाक्षी आणि बंगाली राजा यांना जोडणारी भाषाही तीच. बंगळुरूपासून लंडनपर्यंत अशी इंग्रजी रोज बोलली जाते.

याच वाटेने त्या मराठीपर्यंतही पोहोचल्या. महेश एलकुंचवार यांच्या ‘सोनाटा’ नाटकावरील त्यांचा चित्रपट २०१७ मध्ये आला. मुंबईतील एका सदनिकेत एका संध्याकाळी तीन मध्यमवयीन अविवाहित मैत्रिणी बोलत बसतात. या भूमिका शबाना आझमी, लिलेट दुबे आणि स्वतः अपर्णा यांनी केल्या. एलकुंचवारांच्या मराठी संवादांतील एकटेपण एका बंगाली दिग्दर्शिकेला ओळखीचे वाटले, यात नवल नाही. मिस स्टोनहॅमपासून त्या हाच विषय हाताळत होत्या.

२०२१ मध्ये ‘द रेपिस्ट’ला दक्षिण कोरियातील बुसान महोत्सवात किम जिसोक पुरस्कार मिळाला, तेव्हा अपर्णा सेन पंच्याहत्तरीत होत्या. गच्चीवरच्या त्या छायाचित्राला साठ वर्षे उलटून गेली होती. त्या छायाचित्रातील मुलीचे डोळे मिटलेले आहेत. पुढे तिने जे पाहिले, ते या चित्रपटांत आहे.