कडेवरचं नाव

घरातली जुनी लोखंडी ट्रंक उपसली की कधी कधी तळाशी, फाटक्या सातबाऱ्याखाली, एक काळवंडलेली चकती हाताला लागते. बारामती-इंदापूरकडच्या गावांत तिला पदक म्हणत नाहीत, बिल्ला म्हणतात. पणजोबा जर्मनच्या लढाईला गेले होते, त्यांचा बिल्ला. कुठं गेले होते? बसऱ्याला. एवढ्यावर गोष्ट थांबते, कारण सांगणारी पिढी गेली. पुढची गोष्ट बिल्ल्याच्या कडेवर असते, आणि ती कड बहुतेक घरांत कुणी वाचलेली नसते.

पहिल्या महायुद्धातला असा चांदीचा बिल्ला बहुधा ब्रिटिश वॉर मेडल असतो. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब पुरुष आणि 1914, 1918 हे आकडे. कुणी हा बिल्ला देव्हाऱ्यात ठेवला असेल तर हसू नये. जेजुरी शेजारच्याच तालुक्यात आहे, आणि खंडोबाचे चांदीचे टाकही घोड्यावरचेच असतात. बिल्ल्याचा व्यास 36 मिलिमीटर, चांदी 92.5 टक्के, वजन अडीच तोळ्यांहून थोडं जास्त. ही शेवटची गोष्ट बिल्ल्याच्या मुळावर आली.

अडीच तोळे चांदी म्हणजे लेकीची जोडवी, नातवाचा वाळा. दुष्काळी साल पडलं की बिल्ला सराफाकडे जायचा आणि नावासकट वितळायचा. याचा पुरावा घरातच मिळतो. या लढाईचं दुसरं पदक कांस्याचं, पंख पसरलेल्या विजयदेवतेचं, इंद्रधनुष्यासारख्या फितीचं. ते विजय पदक एकटं कधी दिलंच जात नसे. चांदीचा बिल्ला सोबत असायचाच. म्हणून ट्रंकेत फक्त विजयदेवता निघाली, तर चांदीवाला बिल्ला मोडीत गेला किंवा हरवला असं खुशाल समजावं. उलट, तोच घोडेस्वार कांस्यात दिसला तर पणजोबा बंदूकवाले शिपाई नव्हते. मजूर तुकडीत किंवा लष्कराच्या बिगर-लढाऊ कामावर होते. सरकारने लढणाऱ्याला चांदी दिली आणि ओझी वाहणाऱ्याला कांसं. याहून स्पष्ट पावती कोणती हवी?

आता कड. बिल्ला उन्हात तिरका धरायचा आणि भिंग लावायचं. रोमन अक्षरांत आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण. पलटणीचा आकडा सगळ्यांत बोलका. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा होत्या. त्यांतल्या 103, 110 आणि 117 या तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे बसऱ्याकडे, उतरल्या आणि कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत उपासमार, मग शरणागती आणि तुर्कांची कैद. घरात उरलेला ‘बसरा’ हा एकच शब्द यातलं बरंच काही पोटात घेऊन बसलेला असू शकतो. पुढे 1922 मध्ये या पलटणींची नव्याने मांडणी होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि आकडे बदलले: 103 ची पहिली बटालियन, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी. जुना आणि नवा आकडा यांची गल्लत झाली की माणूस भलत्याच लढाईत सापडतो.

मेलेल्या शिपायाच्या घरी आणखी एक वस्तू येई: सुमारे 12 सेंटिमीटरची कांस्याची जड थाळी, तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि हुद्द्याशिवाय नुसतं नाव. तशी थाळी निघाली तर माणूस परतला नाही, हे ओळखावं. बसऱ्याला मोठं स्मारक आहे. थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं. पण त्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली. म्हणून ही थाळी आणि बिल्ल्याची ती कड यांना मी इतिहासाचं साधन मानतो. तिकडे दगडावर जे नाव घातलं नाही, ते इकडे ट्रंकेत धातूवर आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे बिल्ले ओळखायला सोपे. सहा टोकांचे पिवळे तारे, मध्ये सहाव्या जॉर्जची अक्षरं, भोवती बर्मा, आफ्रिका किंवा इटली असं मोहिमेचं नाव. ब्रिटिश शिपायांना हे तारे नाव न घालता दिले. हिंदी सैन्यातल्या ताऱ्यांच्या पाठीवर मात्र नाव असतं. इटलीचा तारा असेल तर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या दोघा मराठ्यांची आठवण काढावी. एक 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात पडला, दुसऱ्याने 1945 मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला.

टोपीच्या बिल्ल्यांचं गणित वेगळं. मराठा या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग एच आणि दोन टी घालून असेल आणि वर मुकुट असेल, तर वस्तू इंग्रजी अमदानीतली. मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले ते प्रजासत्ताकानंतर. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ गेला. कोरेगावाखालून वाहणारी भीमा पुढे इंदापूरला येते. इकडच्या एखाद्या घरात तो स्तंभाचा बिल्ला निघाला तर जिवापाड जपावा.

नाव वाचलं की कागद शोधायचे. इथं एक खाचखळगा आहे. जुन्या दप्तरात बारामती तालुका शोधाल तर हाती काही लागणार नाही. इंग्रजी अमदानीत हा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडायचा. इंदापूर तेव्हाही इंदापूरच, पण जिल्हा ‘पूना’. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं, म्हणून शिंदे-जाधव चार प्रकारांनी शोधावेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. त्यांत कित्येकदा बापाचं नाव आणि गावही मिळतं.

बाजारात नकला भरपूर. ओतीव नकलेची अक्षरं बोथट असतात. कड कानशीने घासून दुसरं नाव घातलं असेल तर व्यास 36 हून कमी भरतो. आणि कायदाही लक्षात असू द्या: शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती परदेशी पाठवता येत नाही. संगीन किंवा तलवार असेल तर शस्त्र कायद्याचं पाहावं लागेल. न फुटलेला गोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना कळवा.

दिवाळीच्या साफसफाईत बिल्ला हाती आलाच तर चिंच, राख, पितांबरी काही लावू नका. घासण्याने आधी कडेवरचीच अक्षरं जातात. मऊ फडक्याने धूळ पुसा, नाव आणि नंबर वहीत उतरवून घ्या, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा, आणि ते जे सांगतील तेही त्याच पानावर लिहा.