नवा व्हीआर हेडसेट घ्यायचा का? पिक्सेल मोजण्याआधी भिंग पाहा

मेटाचा क्वेस्ट २ वापरणाऱ्यांपुढे आता दोन नवे हेडसेट आहेत: क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस. क्वेस्ट २ आला ऑक्टोबर २०२० मध्ये, क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि ३एस त्यानंतर वर्षभराने. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत ३एसची किंमत २९९ डॉलर होती, क्वेस्ट ३ची ४९९. आपल्याकडे बरेच जण अमेरिकेहून सुट्टीवर येणाऱ्या भावाला किंवा पुतणीला सांगून हेडसेट मागवतात. असा आणलेला हेडसेट पसंत पडला नाही तर परत करणं अवघड जातं. त्यामुळे विचार करायचा तो आधीच, आणि नेमक्या त्याच वेळी काही पक्क्या समजुती आड येतात.

सर्वांत पक्की समजूत म्हणजे, जितके पिक्सेल जास्त तितकं चित्र स्पष्ट. क्वेस्ट २मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १८३२ गुणिले १९२० पिक्सेल आहेत, क्वेस्ट ३मध्ये २०६४ गुणिले २२०८. गुणाकार केला तर वाढ जेमतेम ३० टक्के भरते. प्रत्यक्षात क्वेस्ट ३ डोळ्यांवर चढवल्यावर जाणवणारा फरक त्याहून बराच मोठा असतो, आणि त्यातला मोठा वाटा भिंगाचा आहे.

क्वेस्ट २मध्ये फ्रेनेल भिंग आहे. त्याच्या पृष्ठभागावर एकाभोवती एक अशा बारीक गोल खाचा असतात. त्यांच्यामुळे भिंग पातळ आणि स्वस्त होतं, पण खाचांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. हेडसेटमध्ये चित्रपट पाहताना शेवटची श्रेयनामावली येऊ द्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्यापासून कडेकडे उजेडाचे फराटे ओढलेले दिसतील. मधोमध जे लख्ख दिसतं, तेच कडेला पुसट होतं. बाजूचं काही वाचायचं तर नुसती नजर फिरवून भागत नाही, मान वळवावी लागते. क्वेस्ट ३मध्ये पॅनकेक भिंगं आहेत. त्यांच्यात प्रकाश आतल्या आत मागे-पुढे परावर्तित होतो, त्यामुळे पडदा डोळ्याच्या जवळ बसवता येतो आणि चित्र जवळजवळ कडेपर्यंत स्वच्छ राहतं. यात एक तोटा आहे. अर्धपारदर्शक आरशाशी प्रकाशाची दोनदा गाठ पडते आणि दर खेपेला तो निम्मा होतो, म्हणजे फार तर चौथा हिस्सा डोळ्यापर्यंत पोहोचतो. ही तूट पडद्याला जास्त उजळून भरून काढावी लागते.

आता ३एसकडे पाहा. चिप क्वेस्ट ३चीच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २. पडद्याचे पिक्सेल मात्र क्वेस्ट २इतकेच, आणि भिंगही फ्रेनेलच. ज्यांची तक्रार ‘अक्षरं पुसट दिसतात’ एवढीच आहे, त्यांनी क्वेस्ट २ देऊन ३एस घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे जातील आणि तक्रार तशीच राहील.

क्वेस्ट ३ घेतला तरी दृश्य डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसेल, अशी आशा धरू नये. दृष्टीच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात, हे खरं माप. क्वेस्ट २मध्ये ते सुमारे २० आहे, क्वेस्ट ३मध्ये २५. निरोगी डोळ्याला एकही पिक्सेल वेगळा दिसू नये यासाठी साधारण ६० लागतात. ती मजल अजून लांब आहे.

चित्र अस्पष्ट दिसतं म्हणून हेडसेट बदलायला निघालेल्यांनी आधी स्वतःच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं. चष्म्याच्या दुकानात ते दोन मिनिटांत मोजून मिळतं. घरी आरशासमोर उभं राहून, कपाळाला मिलिमीटरची पट्टी लावूनही अंदाज येतो. प्रौढांमध्ये हे अंतर सहसा ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. क्वेस्ट २ची भिंगं हातानं सरकवून फक्त तीन जागी बसतात: ५८, ६३ आणि ६८. ३एसमध्येही याच तीन जागा आहेत. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून भिंगं दोन टोकांच्या दरम्यान हवी तिथे आणता येतात. तुमचं अंतर ६३च्या आसपास असेल, तर क्वेस्ट २चं भिंग मधल्या जागी आहे ना, एवढंच आधी तपासा. ते चुकीच्या जागी ठेवून डोळे ताणत बसलेले लोक असतात. अंतर ६५-६६ असेल तर भिंग दोन जागांच्या मध्ये अडकतं, आणि अशा माणसाला क्वेस्ट ३चा खरा फायदा होतो.

‘नवी चिप आली की जुने गेमही आपोआप देखणे होतात’ हे अर्धंच खरं आहे. चिपची ताकद वाढली तरी गेम बनवणाऱ्यांनी ती वापरायला अपडेट द्यावं लागतं. ‘रेड मॅटर २’च्या निर्मात्यांनी क्वेस्ट ३साठी तसं अपडेट दिलं आणि फरक उठून दिसला. ज्या गेमना अपडेट मिळालं नाही, ते थोडे सफाईदार चालतात, एवढंच. उलट बाजूही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘बॅटमॅन: आर्खम शॅडो’ फक्त क्वेस्ट ३ आणि ३एसवरच चालतो. असे गेम खेळायचे असतील तर ३एस हा रास्त पर्याय आहे. रोज अर्धा तास ‘बीट सेबर’ खेळून घाम गाळणाऱ्याला क्वेस्ट २ पुरेसा आहे.

हेडसेट पीसीला जोडून खेळणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे चित्र तयार करतं ते पीसीचं ग्राफिक्स कार्ड, हेडसेटची चिप नाही. पडद्याचे पिक्सेल वाढले की कार्डावरचा भारही वाढतो. कार्ड जुनं असेल तर नवा हेडसेट कमी रिझोल्यूशनवरच चालवावा लागेल.

मळमळ आणि चक्कर यांबद्दल विक्रेते फार सहज आश्वासन देतात. डोळे सांगतात की आपण पुढे चाललो आहोत आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण जागीच आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. क्वेस्ट २ची हालचाल टिपण्याची क्षमता आधीच चांगली असल्यामुळे हेडसेट बदलून ही विसंगती फारशी मिटत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट पोहोचण्याचा पर्याय निवडला, तर मात्र बहुतेकांना लगेच बरं वाटतं. त्याला खर्चही नाही.

नवा म्हणजे हलका, हेही खरं नाही. क्वेस्ट २ ५०३ ग्रॅमचा, क्वेस्ट ३ ५१५ ग्रॅमचा. पुढचा भाग पातळ झाल्यानं वजन चेहऱ्याच्या जवळ आलं, ही सुधारणा खरीच. पण गालावर आणि कपाळावर दाब येत असेल, तर मागे बॅटरी असलेला पट्टा लावून जुना हेडसेटही सुसह्य होतो. क्वेस्ट २चा पट्टा मात्र क्वेस्ट ३ला बसत नाही. तो आधीच घेतला असेल तर हा खर्च पुन्हा करावा लागेल.

राहिला प्रश्न जुना हेडसेट किती वर्षं चालेल याचा. उत्तर यंत्रापेक्षा कंपनीवर जास्त अवलंबून असतं. एचपीच्या २०२० सालच्या रिव्हर्ब जी२मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २१६० गुणिले २१६० पिक्सेल होते, म्हणजे क्वेस्ट ३पेक्षाही थोडे जास्त. तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालायचा. २०२४ मध्ये विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून ही प्रणालीच काढून टाकण्यात आली, आणि त्या आवृत्तीवर गेलेल्यांचा धडधाकट हेडसेट एका अपडेटनं निकामी झाला. पुढे २०२५ मध्ये एका विकासकानं मोफत ड्रायव्हर देऊन काही ग्राफिक्स कार्डांवर तो पुन्हा सुरू केला, पण अशा मदतीवर विसंबून राहता येत नाही. मेटानं २०१९च्या पहिल्या क्वेस्टला जानेवारी २०२३ मध्ये नवी वैशिष्ट्यं देणं थांबवल्याचं जाहीर केलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र २०२४ पर्यंत मिळतील, असंही तेव्हाच सांगितलं. तिथे निदान पूर्वसूचना तरी होती. तुमच्या हेडसेटबद्दल अशी सूचना येते का, यावर लक्ष ठेवा. आली की बदलण्याचं ते सबळ कारण आहे.

बदलायचं ठरलंच, तर विकत घेतलेले गेम खात्याशी जोडलेले असतात, त्याच खात्यातून ते नव्या क्वेस्टवर उतरवता येतात. जुना हेडसेट विकण्यापूर्वी किंवा भाच्याला देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करा आणि खात्यातून तो हेडसेट काढून टाका. भाचा दहा वर्षांहून लहान असेल तर मात्र देऊ नका, मेटाची स्वतःचीच वयोमर्यादा तेवढी आहे. आणि तोवर तो खिडकीत ठेवू नका. उन्हाची तिरीप भिंगातून आत गेली तर काही मिनिटांत पडद्यावर कायमचा डाग पडतो, आणि मग त्या हेडसेटला गिऱ्हाईक मिळत नाही.