मळ्यात स्वस्त, पेठेत महाग

श्रोतेहो, माल उदंड आला की भाव उतरतो आणि माल कमी पडला की भाव चढतो, हे आपण सारे जाणतोच. मग २०२० सालच्या टाळेबंदीत असे कसे घडले, की मळ्यात टोमॅटोला कोणी विचारीना आणि शहरात मात्र भाजीला जास्त पैसे मोजावे लागले? नियम खोटा ठरला म्हणावं काय?

नाही. एका बाजाराचे दोन तुकडे पडले, एवढेच.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. धान्य, भाजीपाला, दूध यांना त्यातून मोकळीक होती. पण हुकमाने वाट मोकळी झाली तरी माल आपल्या पायांनी थोडाच चालत जातो! तोडणीला मजूर हवा, चढउताराला हमाल हवा, ट्रकवाल्याला वाटेत जेवण आणि परतीचे भाडे हवे. हमाल घरी बसले, ढाबे बंद पडले. मे महिन्यात तर साथीमुळे वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. इकडे माल साचला, तिकडे तुटवडा पडला. त्यात हॉटेले, खानावळी आणि लग्नकार्ये थांबल्यामुळे मोठे गिऱ्हाइकच नाहीसे झाले.

ज्याला थांबता येते तो माल तरतो. सरकारी गोदामांत गहू-तांदूळ भरपूर होता. म्हणूनच एप्रिल २०२० पासून रेशनकार्डावर दरमहा माणशी ५ किलो धान्य जादा आणि मोफत देता आले. टोमॅटोला मात्र चार दिवसही दम नसतो. नाशिककडच्या कित्येक बागायतदारांनी विकली न गेलेली द्राक्षे वाळवून बेदाणा केला. तेवढाच तोटा कमी.

काही गावांतल्या शेतकरी गटांनी भाजी निवडून, पिशव्या भरून थेट शहरातल्या वसाहतींच्या दारात नेली. सगळ्यांना हे जमले नाही. पण ज्यांचा गट आधीपासून होता, त्यांना लवकर जमले. संकट आल्यावर गट बांधू म्हटलं, तर तोवर माल सडतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक करून पाहा. गावातली एखादी भाजी किती हातांतून शहरात जाते आणि प्रत्येक हाती तिचा भाव किती होतो, हे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. मग त्यातला एक हात पुसून टाका आणि विचारा, “आता भाजी पोचेल कशी?” त्या उत्तरात सारा धडा आहे.